नायटा की गजकर्ण

शब्दकोशात नायटा पाहिला तर अर्थ दिलेला असतो गजकर्ण, आणि गजकर्ण पाहिलं तर नायटा. मी घरातले तिन्ही कोश काढून बघितले आहेत. निवृत्तीनंतर माणसाला असले उद्योग सुचतात. कोशकारांच्या लेखी एकाच दुखण्याची ही दोन नावं आहेत आणि प्रश्न तिथंच मिटतो. आमच्या घरात तो कधीच मिटला नाही. माझी आत्या म्हणायची, नायटा वेगळा आणि गजकर्ण वेगळं, आणि ज्याला त्यातला फरक कळत नाही त्याने दुसऱ्याच्या अंगाला औषध लावू नये. हे शेवटचं वाक्य ती माझ्या वडिलांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. कारण आबा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते आणि दुसऱ्याच्या अंगाला औषध लावण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

आमचं घर कडावच्या अलीकडे, भातशेतांच्या कडेला बौद्धवाडीत. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला उकिरडा. आत्या आबांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर दिरांनी तिला राहू दिलं नाही, तेव्हा ती बैलगाडीतून माहेरी परत आली. गाडीत एक पत्र्याची पेटी होती आणि एक पाटा-वरवंटा. पेटीत काय होतं ते आम्हाला पुढे कळलं, फारसं काही नव्हतं. पाटा मात्र तिने दिरांशी भांडून आणला होता. त्यामुळे आमच्या घरात दोन पाटे झाले, एक आईचा चटणीचा आणि एक आत्याचा औषधाचा. दोन्हींचे आवाज वेगळे. आईच्या पाट्यावर ओलं खोबरं आणि मिरची वाटली जायची, तो आवाज मऊ, दमादमाने येणारा. आत्याच्या पाट्यावर टाकळ्याचं बी असायचं. ते आधी करकरायचं, मग लिंबाचा रस पडला की चिडल्यासारखं चुरचुरायचं आणि शेवटी गप्प व्हायचं. शाळेतून येताना कोणता पाटा चालू आहे हे मला बांधावरून कळायचं. चटणीचा असला तर मी पळत यायचे.

टाकळा आमच्याकडे कुणी पेरत नाही. पावसाळ्यात तो बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागे, न बोलावता येतो. कोवळा असताना त्याची पानं खुडून आई भाजी करायची. लसूण सढळ हाताने, कांदा, वर ओलं खोबरं, आणि सोबत तांदळाची भाकरी. आठवड्यातून चार दिवस. आता कर्जतच्या बाजारात त्याची जुडी विकायला ठेवतात, मुंबईहून आलेले लोक ती कौतुकाने घेतात आणि 'रानभाजी' म्हणतात. आम्ही तिला 'परत तीच?' म्हणायचो. दिवाळीच्या सुमाराला शेंगा वाळल्या की आत्या मला घेऊन बांधाबांधाने फिरायची आणि पदराच्या ओटीत शेंगा गोळा करायची. वर्षभराचं बी डब्यात भरून ठेवलं की तिला धान्याची कणगी भरल्यासारखं वाटायचं.

आत्याचं शास्त्र पक्कं होतं. नायटा गोल असतो. त्याचा काठ उचललेला, मधली कातडी साफ होत जाते, आणि तो एका जागी बसून राहतो. त्याला बी लिंबाच्या रसात वाटून लावायचं. गजकर्ण पसरट असतं, हत्तीच्या कानासारखं, काठ वेडावाकडा, आणि ते आज इथं तर महिन्याने तिथं. त्याला बी आंबट ताकात, आणि सात दिवस साबण बंद. आबांचं शास्त्र याहून सोपं होतं. दवाखान्यात एका मोठ्या बरणीत पिवळट मलम यायचं. नायटा असो, गजकर्ण असो, त्यातलंच बोटभर.

"अगं आक्का, दोघांचं मूळ एकच हाय," आबा जेवताना म्हणायचे. "एकच मलम दोघांना पुरतं."

"सरकारला पुरतं. माणसाला नाय पुरत."

"मग दवाखान्यात येतात ती माणसं नायत का?"

"येतात ना. तिथनं निघून मग माझ्याकडं येतात."

यावर आई, जी एरवी या वादात पडत नसे, भाताचं पातेलं मधे ठेवून म्हणायची, "आता दोघं बी जेवा. त्या नायट्याचं नाव काढून काढून मला सुकटीची चव लागंना."

आबांच्या हातचं मलम गावाला चालायचं, पाणी चालायचं नाही. आम्ही धर्म बदलला होता, गावाने सवयी बदललेल्या नव्हत्या. आत्याकडे बाया यायच्या त्या मागच्या अंगणात. आमच्या वाडीतल्या येऊन पाट्याशेजारी बसायच्या, गावातल्या कुंपणापाशी उभ्या राहायच्या. त्यांच्यात खोतांच्या घरची थोरली सून असायची. तिला सगळे खोतीणबाई म्हणत. ती कुंपणापासून हात लांब करायची आणि आत्या हाताला हात न लावता, मान वाकडी करून बघायची. मग म्हणायची, "वैनी, गजकर्ण हाय तुमचं. जुनं हाय. सात दिवस साबण लावू नका." खोतीणबाई समाधानाने मान हलवायची. त्यांच्याच गड्याच्या मानेवर अगदी तसाच डाग होता, त्याला आत्याने नायटा सांगितलेला मी ऐकला होता. मी तिला विचारलं तेव्हा ती वरवंटा न थांबवता म्हणाली, "तिला नायटा सांगितला तर ती औषध लावील का? मोठ्या माणसाचं दुखणं जरा मोठं सांगावं लागतं, बाय." पुढे शिक्षिका म्हणून तीस वर्षांत मी पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली. या वाक्यात मला दुरुस्ती सापडली नाही.

माझ्या पाचवीच्या वर्षी आत्याच्या डाव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला, एक डाग उठला. फिकट, कातडीच्या रंगाहून थोडा उतरता, बंद्या रुपयाएवढा. घरात दोन तज्ज्ञ असल्यावर त्याच्यावर एकमत होणं शक्यच नव्हतं. आत्या म्हणाली, गजकर्ण. आबा म्हणाले, काठ गोल दिसतोय, म्हणजे तुझ्याच हिशोबाने हा नायटा. तिच्याच हिशोबाने तिला हरवायची आबांना ही पहिली संधी मिळाली होती, ते ती सोडणार नव्हते. मग पैज लागली. पंधरा दिवस आत्याचं ताकातलं बी, पंधरा दिवस आबांचं मलम, आणि माप घ्यायला मी. दर पंधरवड्याला मी शिवणाचा दोरा घेऊन त्या डागाच्या भोवती धरायचे, गाठ मारायचे आणि तो दोरा खिळ्याला लटकवायचे. आबा आपल्या पाळीत रविवारी सकाळी पडवीत बसून तिच्या दंडाला मलम चोळायचे, ती ओरडायची, "हळू रं, चामडं काढतोस का काय," आणि आई आतून म्हणायची, "दोघं लहानपणी कशी होती ते आता कळलं मला."

वर्षभरात डाग थोडा वाढला, पण दोघांनाही तो बरा होतोय असंच वाटत होतं. त्याला कारणं होती. त्याचा काठ लाल झाला नाही. त्यातून पापुद्रे निघाले नाहीत. शेतात काम करताना सगळं अंग घामाने निथळायचं, तो डाग मात्र कोरडा. आत्या दंड पुढे करून दाखवायची, "बघ, घाम सुद्धा येत नाय तिथं. किती सुकलंय बघ. हे ताकाचं काम." आबा म्हणायचे, "मलमाचं." डागावरची लव गेली, तेही दोघांनी आपापल्या खात्यावर घेतलं. आज हे लिहिताना मला त्यांचा राग येत नाही. दोन शहाणी माणसं एखाद्या गोष्टीच्या नावावरून भांडायला लागली की त्या गोष्टीकडे बघायचं राहून जातं, हे मी पुढे कितीतरी मोठ्या सभागृहांत पाहिलं, आणि तिथं तर कुणाचं कुणावर प्रेमही नव्हतं.

त्या हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, आमच्या शाळेत महारोगाची तपासणी आली. तपासणीच्या आधी समारंभ. तालुक्याहून एक पाहुणे येणार होते. हेडमास्तरांनी हार घालायला मुलगी शोधायला घेतली तेव्हा अडचण झाली, कारण ज्या विषयावर भाषण त्याला शोभेल अशी स्वच्छ कातडीची मुलगी सापडेना. कुणाच्या मानेवर नायटा, कुणाच्या बोटांत खरूज, माझ्या गुडघ्यांवर पिकून गेलेल्या फोडांचे डाग. शेवटी हेडमास्तरांनी पोलीसपाटलांच्या मुलीला लांब बाह्यांचा झगा घालून उभी केली. पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं. हा रोग देवाचा कोप नाही, रोग्याला दूर लोटू नका, तोही आपला बांधव आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. भाषण संपल्यावर त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला, खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं. आमच्या रांगेत बसलेल्या मुलींनी ते पाहिलं. असं बोट पुसणं आम्हाला नवीन नव्हतं. आमच्याकडे त्याला रोगाची गरज पडत नसे.

खरं काम पाहुण्यांची जीप गेल्यावर सुरू झालं. तपासणीला आलेला माणूस बारीक, खाकी पिशवीवाला, समारंभात त्याला खुर्चीही मिळाली नव्हती. त्याच्याकडे कोंबडीचं एक पांढरं पीस होतं. मुलामुलींना एकेक करून तो उन्हात उभं करायचा आणि डाग दिसला की म्हणायचा, "डोळे मीट. पीस लागेल तिथं बोट ठेव." मुलं गुदगुल्यांनी हसायची आणि बरोबर बोट ठेवायची. "शाबास, नायटा आहे, जा." त्या दिवशी शाळेत नायटा असल्याबद्दल शाबासकी मिळत होती. आम्हाला तो खेळ फार आवडला.

संध्याकाळी घरी येऊन मी अंगणातलं एक पीस उचललं आणि आत्याला म्हटलं, चल, खेळू. ती शेंगा सोलत होती. तिने हात झटकले, डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले. मी मनगटाला पीस लावलं, तिने बोट ठेवलं. कोपराला लावलं, ठेवलं. मानेला लावलं तेव्हा खुदकन हसली. मग मी दंडावरच्या डागावर लावलं. ती तशीच बसून राहिली. मी पुन्हा फिरवलं, काठापासून काठापर्यंत.

"लाव की गं," ती म्हणाली.

"लावलंय."

"कुठं?"

"आत्या, नीट खेळ ना. डोळे उघडू नको आणि फसवू नको."

"मी कशाला फसवू? तू पीस लाव आधी."

आबा दवाखान्यातून येऊन पडवीत चपला काढत होते. ते दारातून बघत होते हे मला माहीत नव्हतं. ते आले, माझ्या हातातून पीस घेतलं आणि मला बाजूला सरकवलं. आत्याचे डोळे मिटलेलेच होते, तिला वाटत होतं मीच आहे. त्यांनी डागाच्या बाहेर पीस टेकवलं, तिने बोट ठेवलं. आत टेकवलं, तिने नाही ठेवलं. बाहेर, ठेवलं. आत, नाही. मग पीस उलटं धरून देठाचं टोक त्यांनी डागात जरा दाबलं.

"आक्का," ते म्हणाले, "हे खाजतं का गं?"

तिने डोळे उघडले. "नाय."

"कधीच?"

"कधीच नाय खाजलं. म्हणून तर म्हणते, बरं होतंय."

आबा उठले. अंगणातल्या रांजणापाशी गेले आणि हात धुवायला लागले. साबणाची वडी त्यांनी तीनदा हातांवरून फिरवली, कोपरापर्यंत. वर्षभर आपल्या पाळीच्या दर रविवारी ज्या हातांनी त्यांनी तो डाग चोळला होता ते हात. दवाखान्यात वीस वर्षं काढलेला माणूस, जे पाहुण्यांना पाठ होतं ते त्यांना अनुभवाने माहीत होतं, तरी ते धुत राहिले. आत्या त्यांच्याकडे बघत होती. तिला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने ते हातांवरून वाचलं.

आमच्या गावाला अशा माणसाचं काय करायचं ते ठाऊक होतं. ओढ्यापलीकडे एक खोपटं होतं, त्यात एक म्हातारा बरीच वर्षं राहत होता आणि त्याच्या घरचे दगडावर भाकरी ठेवून हाक मारून परत येत. त्या रात्री आत्याने आपलं ताट आणि पेला वेगळा काढला आणि पडवीत जेवली. आबा काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं ते पुढे स्वतःच म्हणायचे. पण त्या रात्री ते आढ्याकडे बघत पडून राहिले. मी आईला विचारलं, आत्या जाणार का, तर आई म्हणाली, "झोप."

सकाळी मला जाग आली ती एका अनोळखी आवाजाने. आत्या आल्यापासून सकाळच्या भाकऱ्या तीच थापायची. तिची थाप हलकी, एका लयीत, झोपेत ऐकू आली तरी झोप मोडत नसे. आज चुलीपाशी आई होती आणि परातीत धबाधबा आपटल्यासारखा आवाज येत होता. आत्या पडवीच्या टोकाला पत्र्याची पेटी घेऊन बसली होती. नवरा होता तेव्हाची कुंकवाची डबी, दोन लुगडी, बियांचा डबा. आईने एक भाकरी तव्यावर टाकली, ती मधेच फाटली. दुसरीही फाटली. मग तिने पीठ लागलेला हात तसाच घेऊन पडवीत येऊन म्हटलं,

"वन्सं, चला. पीठ मळून ठेवलंय."

"मी नाय हात लावत आता पिठाला."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस, वैनी. कळलंय तुला."

"कळलंय. वरीसभर त्याच हाताचं खाल्लं आमी. पोरीनं खाल्लं. काय झालं कुणाला?" आई दारात बसली. "काल दुपारपर्यंत चालत होता ना हात? मग रातीत काय झालं? डाग तोच, हात तोच. नाव दुसरं पडलं एवढंच."

"लोक..."

"लोकांनी आपल्या हातचं कधी खाल्लं होतं, वन्सं, जे आता सोडतील?"

आत्या हसली का रडली ते मला नक्की आठवत नाही. तिची दोन्हींची सुरुवात सारखीच असायची. आबा आतून बाहेर आले. त्यांच्या अंगावर दवाखान्यात जायचे कपडे होते, पण ते आत्याच्या समोर उकिडवे बसले. म्हणाले, "आक्का, चूक माझी हाय. मला कळायला हवं होतं. मी नायटा-नायटा करत बसलो."

"आणि मी गजकर्ण," आत्या म्हणाली.

"गोळ्या हायत ह्याच्यावर. आज जाऊ कर्जतला." मग त्यांनी पेटी उचलून आत नेली. भाकऱ्या त्या दिवशी आत्याने थापल्या. थाप सुरुवातीला जरा अडखळत होती.

कर्जतला तोच पीसवाला माणूस भेटला. त्याने तपासलं, डॉक्टरांना दाखवलं आणि सांगितलं की लवकर सापडलं आहे, एकच डाग आहे, हात-पाय वाकडे होणार नाहीत, कुणाला लागणार नाही. पण रोज एक गोळी, न चुकता, काही वर्षं. आत्याने त्याला एकच प्रश्न विचारला. "हे आधीच कसं कळलं असतं?" तो म्हणाला, "खाजतं का एवढंच विचारायचं, बाई. खाजलं तर नायटा-गजकर्ण, काय हवं ते म्हणा. खाजलं नाही, घाम आला नाही, तर आमच्याकडे या." परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. कडाव जवळ आल्यावर आबांना म्हणाली, "सखा, मी कुणाला नाय विचारलं रं कधी. खाजत असणारच असं धरून चालले."

पुढचं भांडण त्यावरूनच झालं, आणि ते त्यांच्या नेहमीच्या भांडणांसारखं नव्हतं. आत्याचं म्हणणं होतं, मी ज्या बायांच्या अंगाकडे बघते त्यांना कळायला हवं. आबा पाया पडायचे बाकी होते. माझी नोकरी, वाडीतली पोरं, उद्या हिचं लग्न, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला लग्नाची तेव्हा काहीच हौस नव्हती, हे सांगायला मला कुणी वाव दिला नाही.

"डाक्टर म्हणाला कुणाला लागत नाय," आबा म्हणाले.

"मग सांगायला काय भ्यायचं?"

त्याच आठवड्यात खोतीणबाई आली. कुंपणापाशी उभी राहून तिने हात लांब केला. आत्या पाट्यावरून उठली. "वैनी, थांबा. आधी ऐका. मला दंडावर महारोगाचा डाग निघालाय. गोळ्या चालू हायत. कुणाला लागत नाय म्हणतात. आता तुमी ठरवा." खोतीणबाई मुळातच इतकी लांब उभी असायची की आणखी मागे सरायला जागा फक्त उकिरड्याची होती. तिचा एक पाय त्यात गेला. तो उपसून ती घाईने निघून गेली आणि दुपारपर्यंत गावात सगळ्यांना कळलं.

त्यानंतर मागचं अंगण ओस पडलं. आमच्या वाडीतल्या बायाही पाट्यापाशी बसायच्या थांबल्या; कुणी दळायचं, कुणी लाकडाचं निमित्त सांगे. माझ्या वर्गातल्या दोघी बाकावर सरकून बसल्या. पावसाळा आला, टाकळा आला, आईने भाजी केली, पण दिवाळीत आत्या शेंगा गोळा करायला निघाली नाही. तिच्या पाट्यावर कोंबड्या बसायला लागल्या. रोग तिला काही करत नव्हता, तो बिचारा दंडावर पडून होता. तिला खाऊन टाकत होतं ते रिकामं अंगण. बडबड करणारी बाई दिवसभरात दहा वाक्यं बोलेनाशी झाली.

आबा रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी चुलीपाशी यायचे. गोळी ताटात किंवा पेल्याशेजारी ठेवायची नाही, असं त्यांनी त्या पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. ते ती दोन बोटांनी आत्याच्या तळव्यावर टेकवायचे, आणि गोळी पोटात जाईपर्यंत तिथंच बसायचे. एकदा अशीच गोळी देऊन ते म्हणाले, "काल पोशीरचा एक आला होता. मांडीवर. काठ उचललेला, मधे साफ. काय म्हणशील?"

आत्याने वर पाहिलं नाही. "खाजतं का विचारलंस?"

"विचारलं. लय खाजतं म्हणाला."

"मग नायटा."

"मी पण तेच म्हटलं," आबा म्हणाले.

ते खोटं होतं. दवाखान्याच्या वहीत नायटा आणि गजकर्ण यांना एकच शब्द होता आणि बरणी अजून तीच होती. पण दुसऱ्या दिवशी ते कुंभिवलीची एक बाई घेऊन आले, म्हणजे तिचं वर्णन घेऊन. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा. त्यातले किती खरे आणि किती आबांनी सायकलवरून येताना रचलेले, देव जाणे. आत्या प्रत्येकाचा निकाल द्यायची, मग आबा तो खोडायचे, मग ती तवा बाजूला ठेवून भांडायची. आई म्हणायची, "बरं झालं बाई, घर घरासारखं वाटायला लागलं."

पहिली बाई परत आली ती दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी. आमच्या वाडीची नव्हती, गावातल्या एका शेतकऱ्याची सून. कुंपणापाशी न थांबता ती थेट पाट्यापर्यंत आली, कडेवर चार वर्षांचा मुलगा. म्हणाली, "ह्याच्या पाठीवर डाग हाय. खाजत नाय म्हणतो. तपासणीच्या साहेबाकडं जायची भीती वाटते. तुमी स्वतःचं खरं सांगितलंत, माझं पण खरं सांगाल." आत्याने मला पीस आणायला पाठवलं. मुलाने डोळे मिटले आणि बोट ठेवलं नाही. आत्याने पाच वेळा करून पाहिलं, मग पदर खोचला आणि त्या बाईबरोबर त्याच पावली कर्जतला गेली. मुलगा बरा झाला. आज तो खालापूरला कारखान्यात आहे, त्याला नातू आहेत. त्याच्या पाठीवर काही होतं हे त्याला माहीत असेल की नाही, मी विचारलेलं नाही.

मग हळूहळू अंगण भरलं. पूर्वीइतकं नाही. काहीजणी कधीच परत आल्या नाहीत, आणि त्याबद्दल आत्या त्यांना नावं ठेवत नसे.

माझं मॅट्रिक झालं त्या वर्षी कर्जतला तिला तपासून सांगितलं, आता पुरे, गोळ्या बंद. डाग पुसट उरला होता, तेवढा राहील म्हणाले. घरी येऊन आत्याने ती बातमी अशा आवाजात सांगितली की कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं काहीतरी हरवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे येऊन चुलीपाशी उकिडवे बसले. आत्याने भाकरी उलटली, हात पदराला पुसला आणि तळवा पुढे केला. मग दोघांच्याही लक्षात आलं. ती हात मागे घेणार, तेवढ्यात आबांनी आपली दोन बोटं त्या तळव्यावर टेकवली, गोळी ठेवायचे तशीच, आणि तिथंच राहू दिली.

"संपल्या ना रं," आत्या म्हणाली.

"संपल्या," आबा म्हणाले. "काल एक आला होता खालापूरकडचा. मानेवर हाय, पसरट. काय म्हणशील?"